पहिलीत गेलं की नाश्ता बंद! शाळेत सकाळचा नाश्ता बसवायचा तर हिशोब कसा मांडायचा?

नायगाव (ता. वसई) : अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांच्या पोरांना दोन वेळा खायला मिळतं. सकाळी नाश्ता आणि नंतर गरम ताजं जेवण. तेच पोर जूनमध्ये पहिलीत गेलं की सकाळचा नाश्ता बंद होतो आणि दुपारचं जेवण तेवढं राहतं. पोराचं वय वाढलं, दप्तर वाढलं, शाळेचे तास वाढले आणि खाण्याची एक वेळ मात्र कमी झाली. शासनाच्या कागदावर या दोन वेगळ्या योजना आहेत. पोराच्या पोटाला ते काही कळत नाही.

नायगावसारख्या ठिकाणी हा प्रश्न जास्त जाणवतो. कोळीवाड्यातल्या बायका मासळी घेऊन पहाटेच घराबाहेर पडतात. पूर्वेला जूचंद्र, बापाणे भागात मिठागरावर, बांधकामावर जाणारी माणसं आहेत. नव्या वसाहतींमधली बरीचशी माणसं मुंबईची लोकल पकडून निघतात. अशा घरांत पोरांची सकाळ चहा-बटरवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर निघते. शाळेतलं जेवण दुपारच्या सुट्टीत. तोवर पहिल्या दोन-तीन तासिका झालेल्या असतात. वाचन-गणित नेमकं याच वेळेत शिकवलं जातं आणि मागच्या बाकावरचं पोर डोकं टेकून बसतं. गुरुजींना वाटतं लक्ष नाही. पण पोटात काही नसेल तर लक्ष येणार कुठून?

म्हणून शाळेत नाश्ता सुरू करावा, असं अनेक शाळा व्यवस्थापन समित्यांना वाटतं. पण नुसतं वाटून होत नाही. काय द्यायचं, किती ग्रॅम द्यायचं, पैसा कुठून आणायचा आणि सरकारी नियमात ते कसं बसवायचं, हे आधी कागदावर मांडावं लागतं.

योजना काय देते, काय देत नाही

आज शाळेत जे जेवण मिळतं ते प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेतून. गावात याला आजही 'शालेय पोषण आहार' किंवा नुसतं 'खिचडी' म्हणतात. योजना सुरू झाली 15 ऑगस्ट 1995 ला. तेव्हा महाराष्ट्रात पोरांना महिन्याला 3 किलो तांदूळ घरी मिळायचा. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या. तिथून शाळेत चूल पेटली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे जेवण पोरांचा हक्क झालं.

आजचं प्रमाण असं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने. त्यासाठी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिने. त्यासाठी 150 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. ही सगळी वजनं कच्च्या मालाची आहेत, शिजवल्यावरची नाहीत.

तांदूळ केंद्राकडून येतो. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन यासाठी 1 मे 2025 पासून पाचवीपर्यंतच्या मुलामागे 6 रुपये 78 पैसे आणि सहावी ते आठवीला 10 रुपये 17 पैसे असा रोजचा दर आहे. यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40.

नाश्त्याचं काय? जुलै 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दुपारच्या जेवणासोबत सकाळचा नाश्ताही द्यावा, असं स्पष्ट म्हटलंय. जिथे गरम शिजवणं जमत नाही तिथे शेंगदाणे किंवा चणे, गूळ आणि तिथलंच फळ द्यावं, असंही त्यात आहे. पण सप्टेंबर 2021 मध्ये केंद्राने नव्या नावाने योजना मंजूर केली, त्यात नाश्ता आला नाही. धोरणात शब्द आहे, तिजोरीत रक्कम नाही. आज गाडी इथेच अडलेली आहे.

दुपारच्या शिध्यातून नाश्ता काढू नये

पहिला मोह असा होतो की दुपारच्या जेवणातलंच थोडं धान्य, थोडं कडधान्य सकाळी द्यावं. हे करू नये. कारण गणितातच आहे.

100 ग्रॅम तांदळातून साधारण 350 कॅलरी आणि 7 ग्रॅम प्रथिने मिळतात. 20 ग्रॅम डाळीतून 70 कॅलरी आणि 5 ग्रॅमच्या आसपास प्रथिने. तेलाचे 45, भाजीचे 25. बेरीज होते 490 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने. म्हणजे कॅलरीला थोडी ढील आहे, पण प्रथिनांना अजिबात नाही. त्यातले निम्म्याला थोडे कमी एकट्या डाळीतून येतात. सकाळच्या उसळीसाठी 10 ग्रॅम मूग दुपारच्या वाट्यातून काढले की दुपारचं जेवण साडेनऊ ग्रॅमवर येतं. ताट भरलेलं दिसतं, पण ते नुसत्या भाताने भरलेलं असतं.

शिवाय तपासणीत शिल्लक साठा आणि लाभार्थी संख्या यांचा मेळ बसला नाही तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. रोजची उपस्थिती ऑनलाइन भरावी लागते आणि त्यावरच पुढचा शिधा ठरतो. तेव्हा नाश्ता हा वेगळा, त्याचा माल वेगळा, त्याची नोंदवहीही वेगळी ठेवावी.

मग प्रमाण कोणतं धरायचं?

केंद्राच्या योजनेत नाश्त्याचं प्रमाणच नाही. अशा वेळी जिथे नाश्ता चालू आहे तिथलं प्रमाण बघावं. तमिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 ला मदुराईत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी नाश्ता सुरू केला. 25 ऑगस्ट 2023 ला तो राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत गेला. तिथे एका मुलामागे 50 ग्रॅम रवा, तांदूळ किंवा शेवया, सांबारासाठी 15 ग्रॅम डाळ आणि जवळ मिळेल ती भाजी असा हिशोब आहे. उपमा, खिचडी, पोंगल असे पदार्थ आलटून पालटून होतात. त्यातून साधारण 290 कॅलरी आणि 10 ग्रॅमच्या जवळपास प्रथिने मिळतात.

आपल्याकडे जशीच्या तशी इडली-पोंगल आणायची गरज नाही. आकडा घ्यावा, पदार्थ आपले ठेवावेत. सकाळी 250 ते 300 कॅलरी आणि 8 ते 10 ग्रॅम प्रथिने, एवढं गाठलं तर नाश्ता कामाचा. नुसती बिस्किटं दिली तर कॅलरी येतील, प्रथिने येणार नाहीत.

नायगावला चालेल असा आठवडा

खाली दिलेली वजनं एका प्राथमिकच्या मुलासाठी, कच्च्या मालाची आहेत. कॅलरी व प्रथिने ढोबळ मानाने धरली आहेत.

सोमवार – कांदेपोहे. पोहे 50 ग्रॅम, शेंगदाणे 10 ग्रॅम, मोड आलेले मूग (भिजवण्याआधी 10 ग्रॅम), तेल 4 ग्रॅम. सुमारे 300 कॅलरी, 8 ग्रॅम प्रथिने. नुसत्या पोह्यांत साडेतीन ग्रॅमच प्रथिने असतात. खरं काम शेंगदाणे आणि मूग करतात.

मंगळवार – नागलीचं सत्त्व आणि उकडलेले हरभरे. नागली 30 ग्रॅम, गूळ 15 ग्रॅम, हरभरे 30 ग्रॅम. सुमारे 250 कॅलरी, 8 ग्रॅम प्रथिने. जव्हार-मोखाड्याची नागली आपल्याच जिल्ह्यातली. हाडांना लागणारं कॅल्शियम तांदळापेक्षा नागलीत कितीतरी पटीने जास्त असतं. 30 ग्रॅममधून 100 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं.

बुधवार – उकडलेलं अंडं, केळं, शेंगदाणा-गूळ. एक अंडं, एक केळं, शेंगदाणे 15 ग्रॅम, गूळ 10 ग्रॅम. सुमारे 300 कॅलरी, 11 ग्रॅम प्रथिने. अंडं न खाणाऱ्याला हरभऱ्याची उसळ जास्त द्यावी. अंड्याच्या बदली नुसतं केळं दिलं तर प्रथिने साडेसहा ग्रॅमवरून एका ग्रॅमवर येतात, हे लक्षात ठेवावं.

गुरुवार – उपमा. रवा 50 ग्रॅम, मूगडाळ 15 ग्रॅम, गाजर-मटार किंवा हंगामातली भाजी 25 ग्रॅम, तेल 5 ग्रॅम. सुमारे 280 कॅलरी, 9 ग्रॅम प्रथिने.

शुक्रवार – मटकीची उसळ आणि चुरमुरे. मटकी 30 ग्रॅम, चुरमुरे 25 ग्रॅम, शेंगदाणे 10 ग्रॅम, तेल 3 ग्रॅम. सुमारे 260 कॅलरी, 11 ग्रॅम प्रथिने. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. पोरं याला भेळ म्हणून खातात.

शनिवार – चूल न पेटवता. सकाळची शाळा असते म्हणून शेंगदाणे 20 ग्रॅम, फुटाणे 20 ग्रॅम, गूळ 15 ग्रॅम आणि एक केळं. सुमारे 340 कॅलरी, साडेनऊ ग्रॅम प्रथिने. शैक्षणिक धोरणात सुचवलेला नाश्ता हाच. केळ्यांसाठी वसईबाहेर जायला नको.

सहा दिवसांची सरासरी काढली तर 290 कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅम प्रथिने येतात. म्हणजे तमिळनाडूत मिळतं तेवढं आपल्या पोह्या-उसळीतूनही मिळतं.

यादी लावताना पाच गोष्टी

एक, सकाळ आणि दुपार समोरासमोर ठेवून बघावी. जून 2024 मध्ये राज्याने 15 पाककृतींचा त्रिस्तरीय आहार ठरवला होता. त्यात पुलाव-खिचडीचे प्रकार, मोड आलेली कडधान्ये आणि गोड पदार्थ होते. शाळेत ज्या दिवशी दुपारी मटकी आहे त्या दिवशी सकाळी मटकी नको. दुपारी रोज तांदूळच असतो, म्हणून सकाळी रवा, नागली, हरभरा असं वेगळं धान्य यावं.

दोन, वजन कच्च्याचं धरावं. एक किलो मूग भिजवून मोड आणले की दोन किलोच्या वर भरतात. मोड आलेले एक किलो घेतले आणि एक किलो मूग लिहिले, तर पोरांना निम्मेच गेले.

तीन, भिजवण्याचं वेळापत्रक लावावं. सोमवारच्या मुगासाठी शनिवारी किंवा रविवारी कोणीतरी हात लावायला हवा. तेवढ्यासाठी शाळा उघडणं जमत नसेल तर सोमवारी मूगडाळ वापरावी. अशा बारीक गोष्टीवरच चांगल्या याद्या मोडतात.

चार, पहिली-दुसरीच्या पोरांना अख्खे शेंगदाणे, कडक फुटाणे देऊ नयेत. ठेचा लागतो. कूट करून गुळात वळावेत. शेंगदाण्याची किंवा अंड्याची अॅलर्जी असलेलं कोणी आहे का, हे जूनमध्येच पालकांना विचारून नोंदवावं.

पाच, चव आधी मोठ्यांनी घ्यावी. 2015 च्या नियमांप्रमाणे दुपारचं जेवण वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चाखायचं असतं आणि त्यात किमान एक शिक्षक असावा लागतो. नाश्त्यालाही हाच नियम लावावा. ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांतल्या कितीतरी मुलांना जेवणानंतर त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं होतं. रात्रीचं उरलेलं सकाळी नाश्त्यात घालणं हा प्रकार तर कुठेच होऊ नये.

शंभर पोरांचा बाजार

यादी ग्रॅममध्ये लिहिली की बाजार सोपा होतो. शंभर मुलांच्या सोमवारच्या पोह्यांना पोहे 5 किलो, शेंगदाणे 1 किलो, मूग 1 किलो, तेल 400 ग्रॅम. मंगळवारी नागली 3 किलो, गूळ दीड किलो, हरभरे 3 किलो. शुक्रवारी मटकी 3 किलो, चुरमुरे अडीच किलो, शेंगदाणे 1 किलो. त्या आठवड्याचा दर लावला की एका पोरामागचा खर्च निघतो. गॅस आणि स्वयंपाकाची मजुरी त्यात धरायला विसरू नये.

मजुरीचा मुद्दा बाजूला टाकता येत नाही. राज्यात स्वयंपाकी-मदतनीस ताईंना महिन्याला 2,500 रुपये मानधन मिळतं. 26 ते 100 मुलांमागे दोन जणी असतात. नाश्ता लावला म्हणजे त्यांना तास-दीड तास आधी यावं लागणार. ते काम त्यांच्याकडून फुकट करून घेतलं तर नाश्ता महिनाभरही टिकणार नाही.

पैसा आणायचा कुठून?

मधे अंड्याला सरकारी पैसा होता. नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं, असं राज्याने सुरू केलं. जानेवारी 2025 मध्ये मात्र अंडी आणि साखरेसाठी शासन वेगळे पैसे देणार नाही, हे पदार्थ द्यायचे तर लोकसहभागातून द्या, असं सांगण्यात आलं. तेव्हा नाश्त्यासाठीही आज रस्ता लोकसहभागाचाच आहे.

योजनेत त्यासाठी 'स्नेहभोजन' ही सोय आहे. वाढदिवस, लग्न, सण अशा निमित्ताने कोणीही शाळेच्या पोरांना जादा पदार्थ देऊ शकतो. अडचण अशी की देणारा बहुतेक वेळा जिलेबी, वेफर्स किंवा केक घेऊन येतो. समितीने वर्षाची यादी आधीच छापून ठेवली आणि 'बुधवारची अंडी तुमच्याकडून' किंवा 'जुलैचे शेंगदाणे तुमच्याकडून' असं मागितलं, तर तोच पैसा पोरांच्या अंगी लागतो. शाळेला जागा असेल तर परसबागेतून कोथिंबीर, शेवगा, पालेभाजी निघते. शेवग्याचं एक झाड कढीलिंबाइतकंच रोज उपयोगाला येतं.

खर्च किती, ते बघू. समजा 60 पोरांची शाळा आहे आणि एका पोरामागे 8 रुपये धरले. दिवसाला 480 रुपये. महिन्याचे 22 दिवस धरले तर 10,560 रुपये. वर्षभर हे झेपेल असं नाही. मग कोणते महिने आधी धरायचे?

नायगावात त्याचं उत्तर जून-जुलै. शाळा जूनच्या मध्याला उघडते. त्याच वेळी मिठागरं पावसाने बंद झालेली असतात आणि 1 जूनपासून मासेमारीही बंद असते. म्हणजे वह्या-पुस्तकांचा, गणवेशाचा खर्च येतो तेव्हाच कोळीवाड्यात आणि मिठागरावरच्या घरात आवक थांबलेली असते. शाळा उघडल्यापासून जुलैअखेरपर्यंत साधारण 38 दिवस भरतात. वरच्या हिशोबाने 18,240 रुपये लागतील. एका मोठ्या सोसायटीला, मच्छीमार संस्थेला किंवा मंडळाला एवढं उचलणं अशक्य नाही.

दुसरा अवघड काळ दिवाळीनंतरचा. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर वसई भागात येतात. त्यांची पोरं मधेच शाळेत येतात. शिक्षण हमी कार्ड असलेल्या पोराला शाळेत बसवून घ्यायचंच असतं, आणि बसलं की जेवणही द्यायचं. यादीतली संख्या जूनची धरून ठेवली तर डिसेंबरात वाटे कमी पडतात. म्हणून दर महिन्याला संख्या नव्याने मोजावी.

विचारायचं कोणाला?

वसई-विरार महापालिका 2009 मध्ये झाली, तरी त्यानंतर बरीच वर्षं इथल्या सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. त्यामुळे पालकांना कळत नाही की दार कुठलं वाजवायचं. महापालिका हद्दीत ग्रामपंचायत नाही, म्हणून ग्रामनिधीचा रस्ताही नाही. पोषण आहाराच्या कामासाठी पंचायत समितीत शालेय पोषण आहाराचे अधीक्षक असतात. समितीने ठराव, आठवड्याची यादी ग्रॅमसह, मुलांची संख्या, पैसा कोण देणार आणि स्वयंपाक कोण करणार, एवढं एका पानावर लिहून त्यांच्याकडे आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावं. महापालिकेकडे मदत मागायची तरी हेच पान लागेल. तोंडी मागणीला 'बघू' असं उत्तर मिळतं. ग्रॅम आणि रुपयांत लिहिलेल्या मागणीवर काहीतरी शेरा मारावाच लागतो.

लोकसहभाग हे कायमचं उत्तर नाही. देणारा यंदा आहे, पुढच्या वर्षी असेलच असं नाही आणि ज्या वस्तीला देणारा मिळत नाही तिथली पोरं जास्त उपाशी असतात. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत सकाळचा नाश्ता देता येतो, तर सातव्या वर्षी का नाही, हा प्रश्न शासनाला विचारायलाच हवा. मात्र तो विचारताना एखाद्या शाळेने दोन महिने नाश्ता चालवून दाखवला असेल, उपस्थिती आणि पोरांचं वजन लिहून ठेवलं असेल, तर हातात मागणीसोबत पुरावाही असेल. त्यासाठी मे महिन्यातच समितीची बैठक घेऊन यादी ठरवायला हवी. शाळा उघडल्यावर ठरवायला बसलं तर जून-जुलै हातातून जातात.